शेणकिड्याचा प्रचार आणि पनवेलचे मतदार

पनवेलला फिरायला म्हणून कोणी जात नाही. मिरजेहून मुंबईला निघालेल्या एसटीत कंडक्टर 'पनवेल, पनवेल' ओरडतो, चार माणसं डोळे चोळत उतरतात आणि बाकीची कूस बदलतात. मीही आजवर तिथं फक्त कूसच बदलली होती. त्यामुळं परत आल्यावर आमच्या नदी समितीच्या बैठकीत मी 'पनवेलचं प्रवासवर्णन लिहिणार' म्हणाले तेव्हा सगळे हसले. हसणाऱ्यांचा जाहीर निषेध करून सुरुवात करते.

उतरलो आम्ही दोघी, मी आणि शीतल. शीतल माझी शाळेपासूनची मैत्रीण. प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि शेणकिड्यांचा अभ्यास करते. शेणाचा गोळा करून तो मागच्या पायांनी ढकलत नेणारा, जमिनीत पुरणारा तो काळा किडा तुम्ही पाहिला असेल, पण त्याच्यासाठी दोन वर्षं गोठ्यामागं उकिडवं बसलेली पोरगी पाहिली नसेल. मी काय करते? मी पत्रकं लिहिते. नदीत मळी सोडणाऱ्यांविरुद्ध, वाळू उपसणाऱ्यांविरुद्ध, आणि मधे एकदा आमच्याच समितीच्या खजिनदाराविरुद्ध.

पनवेलला पर्यावरणशास्त्राची राज्यभराची परिषद होती आणि तिथं विद्यार्थ्यांच्या संशोधनाला बक्षिसं होती. पहिलं बक्षीस होतं सूक्ष्मदर्शक. आम्ही आलो ते त्या सूक्ष्मदर्शकासाठी. शेणकिड्याची जात ओळखायची तर त्याच्या पुढच्या पायावरचे दात मोजावे लागतात. करवतीसारखे काटे असतात, त्यांना दात म्हणतात. शीतलचे बरेच किडे तांदळाच्या दाण्याएवढे, तेव्हा त्यांचे दात केवढे असतील ते बघा. तिच्या कॉलेजात चांगला सूक्ष्मदर्शक एकच, तो विभागप्रमुखांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. किल्ली मिळते फक्त गुरुवारी, आणि गुरुवारी सर हटकून रजेवर. दोन वर्षांचे किडे बिस्किटाच्या डब्यात नावाविना पडून होते. नावं लागली नाहीत तर प्रबंध नाही, आणि पुढच्या वर्षी ती विद्यार्थी नसणार, म्हणजे ही स्पर्धाही नाही.

सूक्ष्मदर्शक देणार होती पनवेलजवळच्या जासईकडची एक कंटेनर यार्डची कंपनी. खाडीत भराव टाकायचा आणि खाडीच्या शास्त्राला बक्षीस द्यायचं! मी गाडीतच म्हणाले, "शीतल, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व राहू दे, भिंगं चांगली असली म्हणजे झालं."

मी विचार केला. शत्रूच्या छावणीतून हत्यार पळवायला आमच्या चळवळीत मान्यता आहे. तत्त्व बॅगेत घातलं.

सुकापूर

शीतलचा आतेभाऊ सुकापूरला राहतो, तिथं मुक्काम. नाव ऐकून मी पार, देऊळ, विहीर असं गाव मनात आणलं होतं. निघाल्या इमारती, एकीला एक चिकटून, आणि प्रत्येकीवर पाटी : 'विमानतळापासून दहा मिनिटं'. विमानतळ कुठं आहे असं रिक्षावाल्याला विचारलं तर म्हणाला, "व्हायचाय अजून." न झालेल्या विमानतळापासूनचं अंतर मिनिटांत मोजणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

दोन इमारतींच्या फटीत एक जुनं कौलारू घर तग धरून होतं आणि त्याच्या दारात म्हैस. शीतलनं रिक्षा थांबवली, उतरली, आणि रस्त्यात बसून म्हशीच्या शेणात काडी घालून बघायला लागली.

"काय हरवलं का ताई?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"नाही, बघतीय कोण आलंय का."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "शास्त्रज्ञ आहे." त्यानं मीटर बंद करून गाडी बाजूला घेतली आणि तोही उतरून बघायला गेला. पनवेलच्या लोकांविषयी माझं मत चांगलं व्हायला इथून सुरुवात झाली, ते परिषदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं.

इमारतीच्या फाटकाशी उरणकडची एक कोळीण रोज टोपली घेऊन बसते, हिरामावशी. नाकात नथनी, अंबाड्यात फुलं, आणि आवाज थेट चौथ्या मजल्यावर. आमच्याकडं मासा म्हणजे बाजाराच्या दिवशी पुलाखाली मिळणारा, त्याला फारतर दोन नावं. इथं टोपलीत एवढी नावं होती की लग्नघरात पाहुण्यांची ओळख करून देतात तसं वाटलं. मी जरा रस दाखवावा म्हणून विचारलं, "मावशी, हे कुठल्या नदीचं?"

"नदीचं?" ती शेजारच्या बाईकडं वळली. "आयकलंस काय? नदीचं म्हनते! कुठनं आलीस गो तू?"

"मिरजेहून."

"तरीच. घेनार हाय का नुसती बगनार हाय?"

आमच्याकडं गिऱ्हाईक दुकानदाराला झापतं. इथं विकणारी झापते आणि गिऱ्हाईक मुकाट पिशवी पुढं करतं. शीतलच्या वहिनींनीही केली. त्या दिवशी तांदळाच्या भाकरीशी बोंबलाचं कालवण खाल्लं. ज्वारीच्या भाकरीशी माझी निष्ठा आहे, ती कायम आहे, पण कालवणाबद्दल माझी काही तक्रार नाही. मला तक्रार नाही असं मी फार क्वचित लिहिते.

पहिला दिवस : टिकल्या

परिषद एका कॉलेजात होती. दारात सगळ्यांना कापडी पिशवी दिली, फार चांगलं. पिशवीत प्लास्टिकची बाटली, प्लास्टिकच्या वेष्टनात पेन, आणि प्लास्टिकच्या पाकिटात 'प्लास्टिकमुक्त पृथ्वी' असं छापलेला बिल्ला. मी तिथंच बोलणार होते, पण शीतलनं माझा दंड धरला. तिची ती पद्धत आहे.

उद्घाटनाला हॉलमधे एसी इतका गार की पाहुण्यांचा शाल देऊन सत्कार झाला तेव्हा पाहुण्यांनी ती लगेच पांघरली. शालीचा उपयोग झालेला सत्कार मी पहिल्यांदाच पाहिला. वाढत्या तापमानावर तासभर भाषण झालं, आम्ही कुडकुडत ऐकलं.

मग बक्षिसाचा नियम सांगितला. निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे लोकांचे. प्रत्येकाच्या पिशवीत तीन हिरव्या चिकट टिकल्या होत्या. जे पोस्टर आवडेल त्यावर टिकली लावायची. शिवाय दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टरचं दालन गावातल्या लोकांसाठी खुलं, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला तीन टिकल्या. 'विज्ञानात लोकसहभाग' असं संयोजक म्हणाले. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

शीतलचं पोस्टर इचलकरंजीच्या मांजरपाटावर हातानं काढलेलं. किडे एवढे हुबेहूब की झटकून टाकावेसे वाटत. पण पोस्टर लावायला जागा मिळाली ती जेवणाच्या टेबलाला लागून. माणसं ताट घेऊन यायची, मथळा वाचायची, 'शेणातील कीटकांचे वैविध्य', आणि भात चिवडत पुढं सरकायची. त्यात एका बाजूची दोरी सुटून पोस्टर दालच्या पातेल्यात टोक बुडवायला लागलं.

दोरी बांधायला धावला तो शेजारच्या पोस्टरवाला, ओंकार. खारघरच्या एका टॉवरमधे राहणारा, तिथल्याच कॉलेजातला, उंच आणि अतिशय सभ्य. त्याचा विषय होता खाडीच्या चिखलातला निवटी हा मासा. पाण्याबाहेर येऊन चिखलावर टुणटुण उड्या मारतो, डोळे डोक्यावर बसवल्यासारखे. त्याचा एकच फोटो माणसाएवढा मोठा, चकचकीत. आणि कशावर छापला होता? फ्लेक्सवर! पर्यावरणाच्या परिषदेत फ्लेक्स!

"तुम्हाला लाज वाटत नाही का?" मी विचारलं.

"कॉलेजनं छापून दिलं हो," तो म्हणाला. "तुमचं कापडाचं खूप छान आहे. मला पण तसं करायचं होतं."

अशा माणसाशी भांडता येत नाही. मला तो पहिल्यापासून आवडला नाही.

चहाच्या वेळेला ओंकारच्या निवटीवर हिरवं शेत उगवलं होतं. शीतलच्या पोस्टरवर तीन टिकल्या होत्या. तिन्ही मी लावल्या होत्या.

मग मी पोस्टर नीट वाचलं आणि कारण सापडलं. शीतलचा मुद्दा असा : जनावरांना जंताचं औषध टोचलं की त्याचा अंश शेणात उतरतो, त्यानं शेणकिड्यांचं काय होतं ते बघायचं. एका गावात अशा शेणात किडे कमी आले. दुसऱ्या गावात उलट जास्त आले. आणि शेवटची ओळ : 'कारण अद्याप समजलेले नाही.'

"हे कशाला लिहिलंस?" मी किंचाळले.

"कारण समजलेलं नाही."

"अगं, पण असं लिहून मत कोण देतंय? पहिलं गाव लिहायचं. दुसरं कशाला काढायचं?"

"नंदे, दुसरं गावच तर मजेशीर आहे."

मी पुढं वाद घातला नाही. चळवळीत उमेदवाराला प्रचारातलं काही कळत नसतं. प्रचार कार्यकर्त्यांनी करायचा असतो.

दुसरा दिवस : प्रचार

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सची दुकानं ओळीनं आहेत. सकाळी त्यातल्या एकात उभी राहून मी पत्रक लिहिलं. मथळा : 'शेणकिडा मेला तर महाराष्ट्र शेणात बुडेल!' खाली : 'सुज्ञ मतदार बंधू-भगिनींनो! विषारी सुईनं आपल्या मातीचा मुका सेवक तडफडून मरत आहे. आणि आपण? आपण टिकल्या खिशात घेऊन गप्प!' शेवटी : 'आपली अमूल्य टिकली पोस्टर क्रमांक नऊवरच!'

दुकानदारानं वाचून विचारलं, "कुठल्या वॉर्डात उभा आहे हा?"

हे पत्रक मी हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर ठेवलं. नियमात कुठंही मनाई नव्हती, मी दोनदा वाचलं होतं. कॉलेजच्या निवडणुका ज्यांनी केल्यात त्यांना विचारा, पत्रक न वाटता कोणी उभं राहतं का?

आता लोकांचा भाग. दुपारी दालन खुलं, आणि गावातले लोक येणार म्हणजे कोण? खारघरचे निवृत्त साहेब आणि शाळेच्या सहली. खाडीवर जगणाऱ्यांचं काय? मी सरळ हिरामावशीकडं गेले. तिला सगळं सांगितलं, शीतलचं, सूक्ष्मदर्शकाचं, कंपनीचं. भराव टाकणारी कंपनी म्हटल्यावर तिनं कोयता खाली ठेवला.

"आमची कालवं गेली, शिंपल्या गेल्या, खेकडे गेले, आनि हे बक्षीस वाटतात?"

"तेच तर! तुम्ही या. पोरीला मत द्या, आणि कंपनीच्या माणसाला विचारा दोन शब्द."

"एशी हाय का तिथं?"

"आहे."

"च्या?"

"आहे, बिस्किटं पण."

"मग येतंव. मासली इकून झाली का येतंव."

आणि आली की! एकटी नाही, बाजारातल्या मैत्रिणींसकट, नवी लुगडी नेसून, गजरे माळून. दारात वॉचमननं अडवलं. "टोपल्या आत न्यायच्या नाहीत. वास येतो."

"वास?" हिरामावशी म्हणाली. "रोज दुपारी कोनाच्या टोपलीतलं खातोस रे तू?"

"ते घरी, मावशी. इथं ड्युटी."

"मग ड्युटी कर. टोपल्यांवर लक्ष ठेव. उरलेल्यातला एक बांगडा कमी झाला तर बघ."

वॉचमन टोपल्यांपाशी स्टूल घेऊन बसला. सगळ्याजणी रांगेनं टिकल्या घेऊन आत आल्या आणि मी अशी मान ताठ करून त्यांच्या पुढं चालले की मोर्चाला झेंडा कमी होता एवढंच. परिषदेतली मंडळी वाट सोडून बाजूला झाली. मी त्यांना थेट पोस्टर क्रमांक नऊपुढं उभं केलं. शीतल घाबरली, पण तिनं शेणकिडा कसा गोळा करतो, कसा पुरतो, त्यात अंडं कसं घालतो, सगळं सांगितलं. बायांनी मनापासून ऐकलं.

"म्हंजे शेन उकरतेस तू," हिरामावशी म्हणाली. "शिकून?"

"हो."

"आईला ठाव हाय?"

"आहे, मावशी."

"काय बोलते आई?"

"आंघोळ करून घरात ये म्हणते."

बाया खदखदून हसल्या. एकीनं तिची हनुवटी धरली. टिकलीवरचा कागदही एकीनं सोलला होता, मी पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी मान वळवली.

"अगो बाय! निवटी बग!"

संपलं. सगळा मोर्चा माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या पोस्टरवर गेला. "केवढी हाय!" "डोलं बग कशे!" "ही दुसरीकडची नाय, ही आपल्या खाडीतली." ओंकार बिचारा छडी घेऊन दोन वर्षांचं काम सांगू लागला, निवटी चिखलात बीळ कसं करते, श्वास कसा घेते. हिरामावशीनं त्याला मधेच थांबवलं.

"ते सगलं ठीक. खाल्लीस का कधी?"

"नाही. मी शाकाहारी आहे."

शोकसभेला आल्यासारखे बायांनी पदर तोंडाला लावले.

"दोन वर्सं," हिरामावशी हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्सं निवटीच्या मागं फिरलं पोरगं, आनि चव नाय ठाव."

"अरेरे," दुसरी म्हणाली. "कोन करून घालनार त्याला? टावरमधे राहतो."

आणि कीव येऊन, माया येऊन, त्या सगळ्यांनी आपल्या सगळ्या टिकल्या निवटीवर लावल्या. डोळ्यांवर लावल्या, शेपटीवर लावल्या. एकीनं उरलेली ओंकारच्या कपाळाला लावली आणि त्यानं ती काढली नाही.

"हिरामावशी!" मी तिचा पदर ओढला. "तुम्हाला मी आणलं! कशासाठी आणलं?"

"मत द्यायला आनलंस ना? दिलं."

"पण शीतलला द्यायचं होतं!"

"का गो? मत माझं हाय का तुझं?"

गेली चार वर्षं प्रत्येक निवडणुकीला 'मत कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका' हे पत्रक मी गावोगाव वाटलं आहे. भाषा माझीच आहे. मी पदर सोडला. कंपनीचा माणूस, पांढऱ्या बुटांतला मॅनेजर, नेमका तेव्हा चहाला आला होता. बायांनी त्याला घेरलं, मला वाटलं आता तरी! हिरामावशीनं त्याला भरावाचं विचारलं, चांगलं कडक विचारलं, पण तो मूळचा त्यांच्याच शेजारच्या गावचा निघाला. मग त्याचा बाप कोण, आजा कोण, लग्न कुठं केलं, यातच चहा संपला. जाताना एवढं मात्र ती म्हणाली, "आजाला लाज आनलीस रे." मॅनेजर बिस्कीट हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

खरा घोटाळा यानंतर झाला. परीक्षक मॅडम आल्या. पिकलेले केस आखूड कापलेले, गळ्यात भिंग, पायात ट्रेकिंगचे बूट. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

"हे तुमचं?" त्यांनी शीतलला विचारलं. "पत्रकात सगळे किडे तडफडून मेलेत. पोस्टरवर एका गावात ते वाढलेत. यातलं खरं काय?"

नियमात पत्रकाला मनाई नव्हती, पण निष्कर्ष फिरवणाऱ्याला बाद करायचा नियम होता, आणि तो अगदी वाजवी नियम आहे. शीतल शाळेत हजेरीलासुद्धा हळू आवाजात 'उपस्थित' म्हणायची. आता ही गप्प बसणार आणि सूक्ष्मदर्शक जाणार, असं वाटून मी पुढं सरले. शीतलनं माझा दंड धरून मला मागं सारलं.

"पोस्टर माझं आहे. पत्रक माझं नाही. पत्रकातलं खोटं आहे," ती म्हणाली. स्पष्ट, खणखणीत. "ही माझी मैत्रीण आहे. तिला माझी काळजी आहे, पण शेणकिड्यातलं काही कळत नाही."

सगळ्या दालनासमोर! निषेध नोंदवायला मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या गावाचं सांगा." शीतलनं बिस्किटाचा डबा उघडला. मॅडम फरशीवर मांडी घालून बसल्या, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं, आणि पुढं तासभर दोघींच्या तोंडी दात, पाय, शेण याखेरीज शब्द नव्हता. जेवणाचं टेबल आवरणारे त्यांना वळसा घालून जात होते. मी एकटी खुर्च्यांवरची पत्रकं गोळा करत फिरले. पाठकोरे कागद फेकायचे नसतात.

तिसरा दिवस : खाडी

सकाळी सगळ्यांना बसनं खाडीवर नेलं. खाडी पाहिल्याशिवाय पनवेल पाहिलं असं म्हणू नका. एका अंगाला कंटेनरांच्या राशी, लाल, निळे, गंजके, जणू कोणी अवाढव्य पेट्या आवरायच्या सोडून गेलंय. दुसऱ्या अंगाला तिवरांची झाडं, आखूड आणि दाट, चिखलातून मुळं वर काढून उभी. मधे ओहोटीचा करडा चिखल, उन्हात माशाच्या खवल्यासारखा चमकणारा. आमच्या नदीला काठ असतो, पाणी आणि जमीन यांचं ठरलेलं असतं. इथं कुठं जमीन संपली आणि कुठं पाणी लागलं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि त्या सगळ्यावर बोटाएवढ्या निवट्या, टुण, टुण, टुण. मला मान्य करावं लागलं की फ्लेक्सपेक्षा त्या खऱ्याच जास्त देखण्या आहेत.

पण मी सौंदर्य बघायला आले नव्हते. मॅनेजर बांधावर उभा राहून तिवरांची कंपनी कशी काळजी घेते ते सांगत होता. मी पुढं झाले. "हा समोरचा भराव कोणी टाकला? कोणाला विचारून टाकला? इथं जगणाऱ्या माणसांना..." असं म्हणत, हात उगारून, मी बांधावरून एक पाऊल पुढं टाकलं. जमीन समजून. ज्याचं त्यानं ठरवायचं असतं म्हटलं ना, मी चुकीचं ठरवलं.

गुडघ्यापर्यंत गेले. दुसरा पाय टेकायला गेले, तोही गेला. भाषण मात्र मी थांबवलं नाही. एका बाजूनं ओंकारनं आणि दुसऱ्या बाजूनं, हो, मॅनेजरनं मला खेचून काढलं. त्याचे पांढरे बूट उरले नाहीत.

"बघा ताई," धापा टाकत तो म्हणाला, "म्हणूनच आम्ही भराव टाकतो."

बसनं आलेले सगळे हसले. शीतलही हसली. माझ्या दोन्ही चपला चिखलात राहिल्या. या वाक्याला सणसणीत उत्तर आहे, ते मला बस सुकापूरच्या वळणावर आल्यावर सुचलं, आणि ते पुढच्या पत्रकात येईल.

बक्षीस समारंभाला मी ओंकारनं आणून दिलेल्या त्याच्या रबरी स्लिपर घालून बसले. दोन नंबर मोठ्या. शत्रुपक्षाच्या पादत्राणांत माणसाचा आवाज बसतो, हा अनुभव आहे.

पहिलं बक्षीस ओंकार. अपेक्षितच होतं, त्याच्या माशावर टिकली लावायला जागा उरली नव्हती. शीतलला विशेष उल्लेख, प्रमाणपत्र आणि एक रोप. रोप तिवराचं. खाऱ्या पाण्याचं झाड, मिरजेला! ते आम्ही जाताना हिरामावशीच्या हवाली केलं.

ओंकारच्या हातात सूक्ष्मदर्शकाचं खोकं दिलं. शीतलनं त्या खोक्याकडं एकदा बघितलं आणि मांडीवरच्या बिस्किटाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं. तिनं आजवर माझ्यासमोर कधी रडून दाखवलेलं नाही, त्या दिवशीही नाही. मला मात्र काहीतरी फोडावंसं वाटत होतं. मी ठरवलं, आत्ता उठायचं आणि स्टेजवर जाऊन ओंकारला विचारायचं : तुझा मासा बोटभर, त्याला सूक्ष्मदर्शक कशाला?

उठलेच होते. तेवढ्यात संयोजकांनी माईकवर वाचलं, "हे पारितोषिक विजेत्याच्या महाविद्यालयातील विभागास प्रदान करण्यात येत आहे." पहिल्या रांगेतून ओंकारचे विभागप्रमुख उठले, फोटो होईपर्यंत थांबले, मग त्यांनी ओंकारच्या हातातून खोकं अलगद काढून घेतलं आणि शिपायाला म्हणाले, "विभागात नेऊन कपाटात ठेव. आणि किल्ली आठवणीनं माझ्याकडं दे."

माईक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

शेजारी चमत्कारिक आवाज आला. शीतलनं ओढणी तोंडात कोंबली होती आणि ती गदागदा हलत होती. वाटलं, अखेर रडली. पण ती हसत होती. "नंदे," तिला बोलता येईना, "जिंकलो असतो तर... मिरजेपर्यंत उचलून नेलं असतं आपण... आमच्या सरांच्या कपाटासाठी!"

स्टेजवर ओंकार रिकामे हात तसेच धरून उभा होता. त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला.

हसू ओसरल्यावर शीतल उठली, डबा काखेत मारला आणि मला काही न सांगता परीक्षक मॅडमकडं गेली. मी स्लिपर फटफटत मागं. ती कुणाकडं काही मागायला चाललीय हे दृश्य मला चुकवायचं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमच्याकडचा सूक्ष्मदर्शक कपाटात असतो का?"

"टेबलावर असतो," मॅडम म्हणाल्या. "का?"

"मला महिनाभर पाहिजे."

ना प्रस्तावना, ना मथळा, ना उद्गारचिन्ह. मी असते तर निदान दोन परिच्छेद केले असते.

मॅडमनी डब्याकडं पाहिलं. "दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला ये. किती किडे आहेत?"

"डबाभर. घरी आणखी दोन डबे."

"मग तुझ्या एकटीनं व्हायचं नाही. मोजायला कोणीतरी आण." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. चिखल वाळलेले पाय, रबरी स्लिपर, काखेत उरलेली पत्रकं. "हिला आण. आवाज मोठा आहे, म्हणजे श्वास भरपूर असणार. तो धरून बसायला शिकव."

श्वास कशाला धरायचा हे मी परतीच्या गाडीत शीतलला विचारलं. ती म्हणाली, सुईच्या टोकावर एकेक पाय मांडतात आणि भिंगाखाली दात मोजतात. पाय इतके हलके असतात की शेजारी नुसतं कोणी बोललं तरी उडून जातात. म्हणून मोजणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं. सकाळी बसायचं ते जेवणापर्यंत, आणि जेवून परत.

"महिनाभर?" मी विचारलं.

"महिनाभर."

समितीला याद्वारे कळवते की दिवाळीत एक महिना माझ्याकडून पत्रक येणार नाही. कोणी आनंद व्यक्त केल्यास त्याची नोंद घेतली जाईल.